नोव्हेंबरचा अव्वल संघ एप्रिलपर्यंत टिकतो का?

घणसोलीहून तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ कॅनडात शिकतोय. त्याच्या शहराचा आइस हॉकी संघ गेल्या मोसमात तळाशी होता आणि यंदा एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकी लीगमध्ये, पहिल्या 20 सामन्यांत 28 गुणांवर आहे: 13 विजय (प्रत्येकी दोन गुण), 5 सरळ पराभव (शून्य), 2 ओव्हरटाइममधले, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेतले पराभव (प्रत्येकी एक गुण). भाऊ म्हणतोय, एप्रिलअखेर आईला घेऊन या, प्लेऑफ दाखवतो. आणि तुम्हाला कळत नाहीये की विमानाची तिकिटं आत्ताच काढावीत की थांबावं. संघाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, नजर लागेल म्हणून. बरोबर केलंत, मीही विचारत नाही.

मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीत 14 वर्षं रात्रपाळी केली. क्लायंट अमेरिकेतल्या बफेलोचा होता, तिथूनच हा खेळ अंगात भिनला. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, म्हणजे पाळी संपवून कॅबमध्ये बसायच्या वेळेला. पहिला पिरियड रबाळे-दिघ्याच्या रस्त्यावर, दुसरा घरी चहाबरोबर आणि तिसरा संपेपर्यंत शाळेच्या बसेस सुरू. त्यामुळे तुमच्या प्रश्नावर मी बराच वेळ घालवला आहे, खरं तर काही हिवाळे घालवले आहेत.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हा झपाटा टिकेल का? आणि हा संघ प्लेऑफला पोचेल का? लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग कुणीतरी उगाच हुरळतं, कुणीतरी उगाच हिरमुसतं. झपाटा टिकणार नाही. 20 सामन्यांत 28 म्हणजे 82 सामन्यांत जवळपास 115 गुण, आणि गेल्या वर्षी तळाशी असलेल्या संघाकडून कुणी तेवढ्याची अपेक्षा करू नये. पण प्लेऑफसाठी 115 लागतच नाहीत. साधारण 95 गुणांवर 32 पैकी 16 संघांत जागा मिळते, कधी दोन-तीन कमी, कधी दोन-तीन जास्त. म्हणजे उरलेल्या 62 सामन्यांत तुम्हाला 67 गुण हवेत, दर सामन्याला 1.08. आता लक्षात घ्या, ओव्हरटाइममध्ये हरलेल्या संघालाही तिथे एक गुण मिळतो, त्यामुळे लीगमधला अगदी मध्यम संघसुद्धा दर सामन्याला सुमारे 1.1 गुण कमावतो. तुमच्या संघाने इथून पुढे फक्त मध्यम खेळायचं आहे. गाठीला बांधलेले 28 गुण कुणी काढून घेत नाही.

राजस्थान रॉयल्सचं 2024 आठवा. पहिल्या 9 सामन्यांत 8 विजय, मग सलग 4 पराभव, तरी तिसऱ्या क्रमांकावर प्लेऑफमध्ये. सुरुवातीच्या कमाईवर ते तरले. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या दिवशी जे संघ प्लेऑफच्या जागेवर असतात त्यांतले साधारण चारातले तीन शेवटपर्यंत जागा राखतात, असं तिथले लोक वर्षानुवर्षं मोजत आले आहेत.

मग मी तुम्हाला लगेच तिकीट काढा का म्हणत नाही? तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे म्हणून. "जवळजवळ प्रत्येक सामन्यात शॉट्स समोरच्यांचेच जास्त असतात, तरी आपण जिंकतो, गोली जबरदस्त आहे." (शॉट म्हणजे गोलवर मारलेला फटका, गोली म्हणजे गोलरक्षक.) ही ओळ वाचून मला 2018 चा बफेलोचा संघ आठवला.

बफेलो सेबर्स 2017-18 ला अख्ख्या लीगमध्ये शेवटचे होते. पुढच्या नोव्हेंबरमध्ये सलग 10 सामने जिंकले. दहावा 27 नोव्हेंबरला, सॅन होजेविरुद्ध ओव्हरटाइममध्ये 3-2. आपल्याकडे 28 तारखेची सकाळ होती, आणि 25 सामन्यांत 36 गुण घेऊन बफेलो लीगमध्ये पहिलं होतं. क्लायंटकडची माणसं फोनवर आधी हॉकीबद्दल बोलायची, मग कामाबद्दल. त्यांना प्लेऑफ बघून सात वर्षं झाली होती. मला तेव्हा मनापासून वाटलं की यांचे दिवस पालटले. पण त्या दहांतले बहुतेक विजय एका गोलच्या फरकाचे होते, बरेचसे ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये मिळालेले. उरलेल्या 57 सामन्यांत त्यांना 59 गुण पुरले असते. मिळाले 40. मोसम 76 गुणांवर संपला, प्रशिक्षक फिल हाउसली यांना काढलं गेलं. फेब्रुवारीपासून फोनवर हॉकीचा विषय निघेनासा झाला, ते मला अजून लागून राहिलं आहे.

मिनेसोटा वाइल्डचं 2011-12 तर याहून बोलकं आहे. डिसेंबरमध्ये 30 सामन्यांत 43 गुण, लीगमध्ये अव्वल. शॉट्समध्ये मात्र सतत मागे. पुढे 52 सामन्यांत 52 गुण मिळवले असते तरी जमलं असतं, मिळाले 38. एकूण 81, प्लेऑफ नाही.

हे का होतं, ते क्रिकेटच्या भाषेत सांगतो. एखाद्या फलंदाजाचे तीन झेल सुटले आणि त्याने 80 काढल्या, तर त्या 80 खऱ्याच आहेत, धावफलकावरून पुसल्या जाणार नाहीत. पण पुढच्या सामन्यातही तीन जीवदानं मिळतील असं धरून कुणी चालत नाही. हॉकीत हे मोजायला एक सोपा आकडा आहे, त्याला पीडीओ म्हणतात. (हे कशाचं लघुरूप नाही, ही कल्पना मांडणाऱ्या चाहत्याचं ते इंटरनेटवरचं टोपणनाव होतं.) दोन्ही बाजूंचे पाच-पाच खेळाडू बर्फावर असताना तुमच्या 100 शॉट्सपैकी किती गोल झाले, आणि समोरच्यांच्या 100 शॉट्सपैकी तुमच्या गोलीने किती अडवले, या दोन्हींची बेरीज. लीगची सरासरी 8 अधिक 92, म्हणजे 100. वीस सामन्यांत एखादा संघ 104 वरही दिसतो. पूर्ण मोसमाअखेर बहुतेक सगळे 98 ते 102 मध्ये येऊन बसतात. पक (खेळायची रबराची चकती) लहान, वेग प्रचंड, कुणाच्या काठीला किंवा पॅडला लागून दिशा बदलते, त्यामुळे थोड्या सामन्यांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. शॉट्समधलं वर्चस्व मात्र संघाच्या खऱ्या कुवतीबद्दल जास्त सांगतं आणि बऱ्यापैकी टिकतं.

इथे एक सावधगिरी. आघाडीवर असलेला संघ मागे राहून बचाव करतो आणि शॉट्स समोरच्यांचे वाढतात. तुमचा संघ 20 पैकी 13 जिंकलाय, म्हणजे बराच वेळ तो पुढेच असणार. म्हणून एकूण शॉट्स बघू नका, बरोबरी असतानाचे बघा. तिथेही दोन्ही संघांच्या मिळून शॉट्समध्ये तुमचा वाटा 50 टक्क्यांच्या खाली असेल तर काळजी खरी. शॉट्स कुठून आले तेही बघा. कडेने लांबून मारलेले तीस आणि गोलसमोरून मारलेले वीस यांत वीसच जास्त घातक असतात.

नशीब अख्खा मोसमही साथ देतं, हे सांगायला हवं. कोलोराडो ॲव्हलांच 2012-13 ला 30 संघांत 29 वे होते. पुढच्या वर्षी पॅट्रिक रुआ प्रशिक्षक म्हणून आले, शॉट्समध्ये संघ मागेच राहिला, पण गोली सिम्यॉन वार्लामोव्हने सगळं अडवलं आणि 112 गुण झाले. आकडेवारीवाले वर्षभर "आता पडतील" म्हणत राहिले आणि कोलोराडो पडलं नाही. पडलं ते त्याच्या पुढच्या वर्षी: 90 गुण, प्लेऑफ नाही. तुमच्या आईचं तिकीट याच एप्रिलचं आहे, तेव्हा कोलोराडोसारखं झालं तरी तुमचं काम होईल.

आणि खरोखर चांगले निघालेले संघही असतात. व्हेगास गोल्डन नाइट्सचा 2017-18 हा पहिलाच मोसम होता. सुरुवातीलाच मार्क-आंद्रे फ्लरी जखमी झाला, मग एकामागून एक बदली गोलीही जायबंदी. मी स्वतः डिसेंबरपर्यंत वाट बघत होतो की हे कोसळणार. 109 गुण आणि थेट स्टॅनली कपची, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाची अंतिम फेरी, तिथे वॉशिंग्टनकडून 4-1 हरले. विल्यम कार्लसनने 43 गोल केले, पुढच्या वर्षी 24, म्हणजे नशीब तिथेही होतंच. पण गोली बदलत गेले तरी संघ जिंकत राहिला, कारण पक बहुतेक वेळ त्यांच्याकडे असायचा. तुमच्या संघाची हीच परीक्षा घ्या: पहिला गोली बाहेर बसतो तेव्हा काय होतं? सलग दोन रात्री सामने असले की त्यांतल्या एका रात्री बहुधा बदली गोली खेळतो. तुमचे असे किती सामने झाले आणि त्यांत काय झालं, ते मला हवं आहे. एका माणसाच्या खांद्यावर 82 सामने जात नाहीत.

वेळापत्रकाचंही बघा. पहाटे पाचला घणसोलीहून ठाण्याला कॅबने आपण वीस मिनिटांत पोचतो, पण सकाळी नऊला तोच हिशोब धरून कुणी निघत नाही. झालेल्या वीसांपैकी घरचे किती, तळाच्या संघांविरुद्ध किती, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरचे लांब दौरे किती उरलेत, हे मोजायला अर्धा तास लागेल. भावालाच सांगा मोजायला.

तर माझं मत. झपाटा डिसेंबरमध्येच मंदावेल, सलग चार-पाच पराभवांचा एक पट्टा येईल, त्याने घाबरू नका. प्लेऑफची शक्यता मी निम्म्याहून थोडी जास्त धरतो. गुणांमुळे ती बरीच जास्त धरली असती, शॉट्सच्या त्या ओळीने खाली आणली. जानेवारीत निम्मा मोसम होईल, तेव्हा 41 सामन्यांत 50 च्या आसपास गुण असतील आणि बरोबरी असतानाच्या शॉट्समध्ये तुमचा वाटा निम्म्यापर्यंत पोचला असेल, तर मी निर्धास्त होईन.

तिकिटाबद्दल मात्र जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही, फक्त एप्रिलअखेरचा हट्ट सोडा. साखळी सामने एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतात आणि त्यांच्या तारखा आजच जाहीर आहेत. प्लेऑफ त्यानंतर लगेच, काही दिवसांत सुरू होतो. संघाचा शेवटचा घरचा साखळी सामना शोधा, त्याच्या तीन-चार दिवस आधी पोचा आणि परतीचं तिकीट दोन-अडीच आठवड्यांनंतरचं, तारीख बदलता येईल असं काढा. एक सामना आईला नक्की बघायला मिळेल, आणि तो जर प्लेऑफची जागा ठरवणारा असला तर त्याच्याइतका आवाज पहिल्या फेरीतही नसतो. व्हिसाचा अर्ज मात्र या आठवड्यातच करा. आणि आईंना स्वेटर दोन द्या. बाहेरची थंडी त्या धरून चालतील, पण रिंकच्या आतही गारठा असतो.

बरोबरीतल्या शॉट्सचे आणि बदली गोलीचे आकडे मिळाले की इथेच टाका. रविवारी सकाळी बसून बघतो.