एएम४ घ्यावं की एएम५?

एएम४ आणि एएम५ म्हणजे एएमडीच्या रायझन प्रोसेसरचे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा. आधी स्वतःला एकच विचारा: हाताशी चालू डीडीआर४ रॅम आणि एएम४ बोर्ड आहे का? असेल तर नवीन काही जुळवू नका. त्याच बोर्डवर रायझन ५७००एक्स किंवा ५८००एक्स३डी बसवा. गेमिंगसाठी ते आजही दमदार आहेत. फक्त बी४५० सारख्या जुन्या बोर्डचं बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर काढण्याआधीच अपडेट करा. नाहीतर नवा प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही, स्क्रीन काळी राहील, आणि फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करायचं) बटण नसेल तर जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा लागेल. एएम४ प्रोसेसर काढताना जपा: पिना त्याच्याच खाली असतात. कूलर आधी थोडा गरम होऊ द्या, मग हळूच फिरवत काढा; कूलर आणि प्रोसेसरमधल्या थंड पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

सगळं नव्यानेच घ्यायचं असेल तर माझं स्पष्ट मत एएम५. २०२२मध्ये आलेल्या या सॉकेटवर पुढे बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. रॅम मात्र डीडीआर५च लागते. जुनी डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. ६००० वेगाच्या, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादातल्या विलंबाचा आकडा) च्या दोनच पट्ट्या घ्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, मग बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. चार पट्ट्या लावल्या की वेग बराच उतरतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीनवर काहीच दिसत नाही. बोर्ड तेव्हा रॅम जुळवत असतो. घाबरून वीज बंद करू नका.