शंका-समाधान : ईयोबाचे वाक्य आणि शोक करणाऱ्यांची मुखे

प्रश्न : माझा चोवीस वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरील अपघातात प्रभूकडे गेला. दफनविधीच्या दिवसापासून मंडळीतील अनेकांनी मला ईयोबाचे वचन ऐकवले आहे : ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम’ (ईयोब 1:21). महिला संघाच्या प्रार्थनेत मला रडू आवरेना, तेव्हा एका ज्येष्ठ भगिनींनी हेच वचन मोठ्याने म्हणावयास सांगितले. ते माझ्या तोंडून निघाले नाही. माझा विश्वास उणा पडतो आहे का? आणि माझ्या मुलाला खरोखर परमेश्वरानेच नेले का?
— एक आई, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, हे वचन म्हणता न येणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे आधी स्पष्टपणे सांगतो. असे का म्हणतो, ते बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातूनच दाखवतो.

हे वचन आपल्याकडे बहुधा एकटेच उद्धृत होते आणि त्याच्या आधीची ओवी राहून जाते. त्या ओवीत काय आहे? थोरल्या भावाच्या घरी जेवायला बसलेली आपली सातही मुले आणि तिन्ही मुली वादळात घर कोसळून गेली, हे चौथ्या निरोप्याकडून कळताच ईयोब उठला, त्याने आपला झगा फाडला, डोके मुंडले आणि तो जमिनीवर पडला (1:20). शोक करण्याची त्या काळची जी रीत होती, ती त्याने पुरी पाळली. त्यानंतर जमिनीवर पडलेल्या अवस्थेतच त्याच्या तोंडून ते शब्द आले. रडू थांबवून ते वचन म्हणावे, असा क्रम शास्त्रात नाही. शिवाय ईयोबाला ते कोणी म्हणावयास लावले नव्हते.

दुसरी गोष्ट, तो ग्रंथ बेचाळीस अध्यायांचा आहे आणि हे वचन त्याच्या पहिल्याच अध्यायात येते. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की, माझे दुःख तोलले तर ते समुद्राच्या वाळूहून जड भरेल. दहाव्या अध्यायात जिवाचा कंटाळा आला असे म्हणून तो देवालाच जाब विचारतो. पहिल्या अध्यायातील ईयोब विश्वासू आणि तिसऱ्या अध्यायातील ईयोब विश्वासातून ढळलेला, अशी वाटणी करण्याचा मोह पुष्कळ उपदेशकांना होतो; परंतु शेवटी परमेश्वर स्वतः निवाडा देतो, तेव्हा तो ईयोबाच्या सांत्वनाला आलेल्या तीन मित्रांना सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही (42:7). हा निवाडा विलापाच्या सगळ्या अध्यायांनंतर दिलेला आहे, हे विसरता कामा नये.

मित्रांचे नेमके काय चुकले, हेही पाहण्यासारखे आहे, कारण तुमच्या प्रश्नातील दुखरी जागा तिथेच आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे आरंभी फार चांगले वागले. ते मोठ्याने रडले, त्यांनी डोक्यावर धूळ उडवली आणि सात दिवस व सात रात्री ते ईयोबाजवळ भुईवर बसून राहिले. एकही शब्द ते बोलले नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते (2:12-13). तोंड उघडल्यावर मात्र सगळे बिघडले. निरपराध मनुष्याचा कधी नाश झाला आहे काय, असे अलीफज विचारतो (4:7). बिल्दद तर दहा मुले गमावलेल्या बापाला सांगतो की, तुझ्या मुलांनी पाप केले म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिले (8:4). सबंध शास्त्रात शोकाकुल माणसाला उद्देशून काढलेले याहून निष्ठुर उद्गार मला तरी आठवत नाहीत. आणि हे सारे देवाच्या बाजूने बोलत असल्याच्या खात्रीने बोलले गेले!

ईयोबाच्या पत्नीविषयीही इथे दोन शब्द लिहावेसे वाटतात. ‘देवाचे नाव सोडा आणि मरा’ असे ती म्हणाली, यावरून व्यासपीठांवरून तिची किती निर्भर्त्सना होते! त्या दहा मुलांना तिनेही जन्म दिला होता. ईयोबाने तिचे बोलणे मूर्खपणाचे ठरवले, हे खरे. परंतु परमेश्वर ग्रंथाच्या शेवटी मित्रांना दोष देतो, तिला देत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो अधिक अवघड आहे. ‘परमेश्वराने नेले’ हे ईयोबाचे उद्गार आहेत. स्वर्गात काय घडले होते, हे वाचकाला ठाऊक आहे, पण त्याला ठाऊक नव्हते. शबाई व खास्दी लोकांच्या धाडी, आकाशातून पडलेला अग्नी आणि रानाकडून आलेला वारा यांच्यामागे सैतानाचा हात होता, असे ग्रंथ सांगतो. त्याच वेळी ही परवानगी देवाने दिली हेही तो लपवत नाही, आणि ईयोबाचा नाश विनाकारण आरंभला गेला असे परमेश्वराच्याच तोंडून वदवतो (2:3). अडतीस ते एकेचाळीस या अध्यायांत परमेश्वर वादळातून ईयोबाशी बोलतो. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या सीमा, रानगाढव, घोडा, गरुड, सारे सांगतो, परंतु त्याची मुले का गेली याचे कारण सांगत नाही. ज्या गोष्टीचे कारण ईयोबालाही कळवले गेले नाही, ते तुमच्या मुलाच्या बाबतीत मला किंवा मंडळीतील कोणालाही कळले आहे असे मानण्यास आधार नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभूने ‘नाही’ असे उत्तर दिले (लूक 13:4-5). तो बुरूज का पडला हे मात्र त्याने सांगितले नाही.

काही जण तुम्हांला असेही म्हणतील, कदाचित म्हणालेही असतील, की देव ईयोबाप्रमाणे दुप्पट देईल. शेवटचा अध्याय नीट वाचावा. मेंढरे सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले, बैलांच्या जोड्या आणि गाढवीही दुप्पट झाल्या. मुले मात्र पुन्हा सात आणि मुली तीनच झाल्या. पहिली दहा देवाजवळ जिवंतच आहेत, म्हणून त्यांची संख्या दुप्पट करण्याची गरज नव्हती, असा याचा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावला आहे, आणि मला तो मान्य आहे. एका मुलाच्या जागी दुसरे मूल भरपाई म्हणून येते, असे तो अध्याय म्हणत नाही. उलट, देवाचे बोलणे होऊन गेल्यावरही ईयोबाचे भाऊ, बहिणी आणि ओळखीचे लोक येऊन त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवले व त्यांनी त्याचे सांत्वन केले, असे तिथे लिहिले आहे (42:11).

हे वचन दफनविधीत का म्हटले जाते, असे तुमच्या मनात आले असेल. 1662 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात प्रेताला सामोरे जाताना पाळकाने म्हणावयाची जी वाक्ये दिली आहेत, त्यांत योहान 11:25-26 आणि ईयोब 19:25-27 यांच्यानंतर हे वाक्य येते. तिथे ते पाळक म्हणतो आणि मंडळी ऐकते. मृताच्या आईने ते म्हणून दाखवावे, अशी सूचना त्या विधीत नाही. तुमच्या वतीने मंडळीने ते म्हणावे आणि तुम्ही गप्प राहावे किंवा रडावे, यात काहीच गैर नाही. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान 11:35). पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असे म्हणतो (1 थेस्स. 4:13). ईयोबाचे वचन तुमच्या ओठांवर कधी आले तर येऊ द्यावे. तोवर स्तोत्र 88 वाचावे; त्यात शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे, आणि तरीही ती देवाला केलेली प्रार्थना आहे.

प्रश्न : याकोब 5:11 मध्ये ईयोबाच्या धीराची वाखाणणी आहे. परंतु ईयोब तर एवढे अध्याय तक्रार करतो. हा धीर कसा म्हणावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तीन मित्र देवाविषयी पुष्कळ बोलतात, पण देवाशी एकदाही बोलत नाहीत, ईयोब मात्र पुन्हा पुन्हा वळून देवालाच ‘तू’ म्हणतो (उदाहरणार्थ 7:12-21, 10:2-22, 30:20-23). त्याने तक्रार सोडली नाही, तसा देवालाही सोडला नाही. याकोबाला हाच धीर अभिप्रेत असावा, असे मला वाटते, कारण त्याच अध्यायाच्या चौथ्या ओवीत ज्यांची मजुरी अडकवून ठेवली आहे अशा कापणी करणाऱ्यांची ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली, असे तो लिहितो. ज्या लेखकाने त्या ओरडीला दोष दिला नाही, तो सात ओव्यांनंतर मुकाट सोसण्याची शिकवण देईल, हे संभवत नाही.

प्रश्न : परमेश्वर तिघा मित्रांना दोष देतो, मग त्यांच्यानंतर बोलणाऱ्या तरुण अलीहूला का नाही? त्याचे बोलणे बरोबर होते काय?
— शब्बाथ शाळेचे एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : अलीहू अध्याय 32 ते 37 मध्ये बोलतो. त्याला ईयोब उत्तर देत नाही, आणि परमेश्वर त्याला नावाजत नाही की फटकारतही नाही. तेव्हा ग्रंथाने मौन पाळले आहे तिथे आपणही निकाल देण्याची घाई करू नये. क्लेशांतून देव माणसाचा कान उघडतो, हे त्याचे म्हणणे (36:15) मित्रांच्या म्हणण्याहून निश्चितच खोल आहे. मात्र ईयोबावर राग धरूनच तो बोलायला उभा राहिला, हेही बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभी नोंदलेले आहे. त्याची वचने वर्गात शिकवायला हरकत नाही. सांत्वनाला गेलेल्या घरी मात्र ती वाचू नयेत, असे माझे मत आहे.