गोळाभातावरचं तेल फोटोत दिसत नाही

प्रश्न : मॅडम, आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. यजमान ५६ वर्षांचे आहेत, सहा वर्षांपासून मधुमेह आहे. पुण्याहून मुलानं त्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. ताटाचा फोटो काढला की ते पदार्थ ओळखतं आणि कॅलरी, कर्बोदकं, प्रथिनं सांगतं. आता फोटो निघेपर्यंत घरात कोणी घास घेत नाही. आकडा कमी आला की हे निवांत आणखी वाढून घेतात. मागच्या आठवड्यात कर्बोदकं कमी दिसली म्हणून रात्रीची गोळीच घेतली नाही. मी काही बोलले की म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. या ॲपवर किती विसंबावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आधी गोळीचं बोलते. ॲपचा आकडा बघून मधुमेहाची गोळी चुकवायची नाही, अर्धी करायची नाही, एका रात्रीपुरतीही नाही. गोळी कमी-जास्त करणं हे डॉक्टरांचं काम. हे पान यजमानांना वाचायला द्या, आणि त्या रात्री गोळी चुकली हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

तुमचं पत्र आलं त्या रविवारी मी मुद्दाम घरी गोळाभात केला. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटली, गोळे भातातच वाफवले, ताट वाढलं आणि असंच एक ॲप उघडून फोटो काढला. ३२० कॅलरी. मग गोळे कुस्करले, हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी वरून ओतली, तेल मोजून तीन चहाचे चमचे, आणि पुन्हा फोटो. या वेळी त्याला तो लेमन राइस वाटला आणि आकडा आला ३१०. तीन चमचे म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेल. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सव्वाशे कॅलरी माझ्या डोळ्यांदेखत भातात मुरल्या, आणि आकडा दहानं उतरला.

तर्रीपोह्यांचं बरं असतं. तर्री वर तरंगते, खाणाऱ्याला दिसते, बाजूला काढता येते. आपल्या गोळाभातात, वडाभातात तेल आत जातं. तिथं कॅमेरा काय करणार?

हे ॲप ताटातला एकेक पदार्थ वेगळा काढतं, त्याला नाव देतं, किती आहे याचा अंदाज बांधतं आणि पोषणमूल्यांच्या तक्त्यातून आकडा उचलतं. नावं ते फोटोंवरून शिकतं. या कामासाठी खूप वापरला गेलेला फूड-१०१ हा संग्रह २०१४ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी केला. १०१ पदार्थ, प्रत्येकाचे हजार फोटो. त्यात समोसा आहे, पोहे नाहीत. गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सुमारे पाच हजार ताटांचा संग्रह केला, एकेक घटक वजन करून. फार मेहनतीचं काम, पण ती ताटं कॅलिफोर्नियातल्या कॅन्टीनमधली. नाव हातानं टाकावं तरी पंचाईत. मी ‘सांबारवडी’ लिहिलं तर सांबार-वडा पुढे आला. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या यादीला माहीत नाही.

अंदाजाचंही तसंच. वरून काढलेल्या एका फोटोत वाटीची खोली कळत नाही. काही फोनमध्ये अंतर मोजणारा सेन्सर असतो, त्यानं भाताच्या ढिगाची उंची बरी कळते. पण पाटोडी-रश्श्यात तीन पाटोड्या बुडाल्यात की सहा, हे त्यालाही कळायचं नाही. आणि तक्ता कितीही चांगला असो, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता मी रोज उघडते, त्यात हरभरा डाळीत प्रथिनं किती ते मिळतं. तुमच्या कढईत तेल किती पडलं, ते फक्त तुम्हाला ठाऊक.

म्हणून ॲप काढून टाका असं मी म्हणणार नाही. फोटो काढू द्या, आकड्याकडे बघू नका. माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारे लोक ‘दोनच पोळ्या’ म्हणतात आणि फोटोत तिसरी दिसते. ते खोटं बोलत नसतात, आठवत नसतं. आठवड्याचे फोटो एका बैठकीत बघा. जेवायला किती वाजले, भाजी किती दिवस दिसली, भाताचा ढीग कधी वाढला. चारच्या चहाबरोबरचा चिवडाही फोटोत येऊ द्या.

तेलाचा हिशेब मात्र तुमच्याकडे घ्या. एक लिटरचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. घरात तिघं असाल आणि पुडा दहा दिवसांत संपला, तर माणशी रोज ३३ मिलि, म्हणजे साडेसहा चमचे, पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी झाल्या. कुठल्याही फोटोपेक्षा हा आकडा खरा आहे, आणि तो खाली आणणं तुमच्या हातात आहे. गोळाभात बंद करू नका. फोडणी प्रत्येकाच्या ताटात चमच्यानं मोजून घाला, गोळे जास्त आणि भात कमी वाढा, सोबत ताक आणि काकडी ठेवा.

यजमानांना मशीनवरच भरवसा असेल तर ग्लुकोमीटर वापरा. पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून, त्या जेवणाच्या फोटोखाली आकडा लिहून ठेवायचा. गोळाभाताच्या दिवशी, भाकरीच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीच्या दिवशी. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तेलाचा पुडा किती दिवस पुरला, ते मलाही कळवा.