अल्बम ‘वाढतो’, ‘चढतो’ की ‘मुरतो’?

प्रश्न नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कॉलेजकन्येचा आहे. ती आणि तिच्या तिघी मैत्रिणी दर रविवारी एका खोलीत जमून एक अख्खा अल्बम सलग ऐकतात. रॉक, इंडी, फोक, जे हाती लागेल ते. ऐकून झालं की प्रत्येकीनं वहीत चार ओळी लिहायच्या आणि त्या मराठीतच लिहायच्या, असा नेम. निक ड्रेक या इंग्रज गायकाच्या ‘पिंक मून’बद्दल एकीनं लिहिलं, ‘आधी बोर झाला, पण नंतर हा अल्बम माझ्यावर वाढला.’ बाकीच्या हसल्या. आता ती विचारते, ‘हसू का आलं ते कळलं. पण मग म्हणायचं काय?’ शिवाय एक पुरवणी प्रश्न : फोकला लोकसंगीत लिहावं का?

आधी ‘वाढला’चा निकाल लावू. इंग्रजीतल्या ‘इट ग्रू ऑन मी’चं, म्हणजे हळूहळू आवडू लागलं याचं, हे शब्दशः भाषांतर. माझ्यावर वाढतं ते कर्ज, नाहीतर चामखीळ. पण मराठीत याहून मोठी अडचण आहे. जे फुटलं असं तोंडानं म्हणायचं नसतं, ते आपल्याकडे ‘वाढतं’. हातातली बांगडी वाढते, देवापुढे नारळ वाढवतात. ‘अगं, माझा अल्बम वाढला’ असं एखाद्या आजीच्या कानावर गेलं तर ती आधी ‘लागलं नाही ना कुठं?’ विचारेल आणि मग केरसुणी घेऊन येईल. तिचं फारसं चुकलंही नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या हातून निसटल्या की खरंच फुटत. एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावे. म्हणून मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकत. गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ म्हणू लागले ते तेव्हापासून. १९४८ च्या जूनमध्ये लाँग प्ले तबकडी आली, सगळं एकीतच मावू लागलं, बांधणी गेली आणि नाव मागे राहिलं. (निक ड्रेकही त्याच महिन्यात जन्मला. याचा शब्दार्थाशी काही संबंध नाही, पण मला असले योगायोग टाकवत नाहीत.)

आता जे म्हणायचं आहे ते नेमकं काय? पहिल्या ऐकण्यात काही वाटलं नाही, पण ऐकता ऐकता आवड तयार झाली. यासाठी मराठीत क्रियापदांचा दुष्काळ मुळीच नाही.

‘चढणे’ घ्या. नशा चढते, ताप चढतो, भजनाला रंग चढतो. पण चढलेलं उतरतं, आणि चढतं तेही भराभर. दणदणीत रॉकसाठी ठीक, ‘पिंक मून’साठी नाही. ‘भिनणे’ जवळचं आहे, पण भिनतं ते विष किंवा वेड, त्यात माणसाचा इलाज चालत नाही. ‘रुळणे’ बहुतेक ओठांपुरतं असतं, म्हणजे चाल रुळते. ‘अंगवळणी पडणे’ यात आवड नाहीच, नुसती सवय. सासुरवास अंगवळणी पडतो. ‘मनात भरणे’ तर पहिल्या नजरेचं काम.

राहिलं ‘मुरणे’. मला हाच शब्द सगळ्यात पसंत आहे, फक्त तो वापरताना जरा जपून.

कैरीच्या लोणच्याची बरणी आठवा. पहिल्या दिवशी फोड करकरीत, मीठ वेगळं लागतं, मोहरी वेगळी चरचरते. आठवड्यानं खार सुटतो. महिन्यानं फोड तोंडात टाकली तर कैरी कुठं संपली आणि मसाला कुठं सुरू झाला, याचा हिशोब लागत नाही. इथं मसाला फोडीत मुरला असंही म्हणतो आणि लोणचं मुरलं असंही म्हणतो. पाण्याचं मात्र तसं नाही. पाऊस जमिनीत मुरतो, जमीन काही मुरत नाही. आणि माणूस मुरतो तो एखाद्या धंद्यात, म्हणजे तरबेज होतो.

तेव्हा तीन वाक्यांचे अर्थ तीन होतील. ‘मी या अल्बममध्ये मुरले’ म्हटलं तर त्यावर परीक्षा द्यायला तयार आहात असं होईल. ‘हा अल्बम मुरला’ म्हटलं तर जणू कपाटात ठेवून ठेवून गाणी सुधारली. पण ‘पिंक मून’ १९७२ मध्ये जसा निघाला तसाच आजही आहे : अठ्ठावीस मिनिटं, एक गळा, एक गिटार आणि पहिल्या गाण्यात थोडासा पियानो. ड्रेक १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. त्याच्या हयातीत त्याच्या तबकड्या फारशा खपल्याच नाहीत. पुढं १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं शीर्षकगीत वाजलं आणि मग कुठं तो घरोघरी पोचला. गाण्यातला एक सूरही बदलला नव्हता. बरणीत असतो ते आपण. म्हणून वहीत लिहायचं ते तिसरं वाक्य : ‘हा अल्बम हळूहळू माझ्यात मुरला.’ पावसासारखा.

‘मुरब्बी’ श्रोता यातूनच आला का, असं कुणी विचारायच्या आत सांगतो : नाही. तो अरबीतून आला, मुळात अर्थ पालनपोषण करणारा, आश्रयदाता. मराठीत त्याचा ‘अनुभवी’ झाला, त्यात शेजारच्या ‘मुरलेल्या’नं हात दिला असावा, असा आपला माझा तर्क.

आणखी एक साधी, घरगुती वाट आहे : ‘मला त्याची गोडी लागली.’ यात अल्बम काहीच करत नाही. भूक लागते, झोप लागते, तशी गोडी मला लागते. ‘वाढला’ खटकतो त्याचं अर्धं कारण हेच. आवडीनिवडीच्या बाबतीत मराठी माणूस वाक्यात ‘मला’ होऊन बसलेला असतो, आणि तिथून त्याला उठवून ‘माझ्यावर’ नेलं की वाक्य लंगडतं.

आता ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते. चौघींपैकी एक नागपुरातल्याच सक्करदऱ्याची आहे. तिनं म्हणे हसता हसता सांगितलं, ‘सरळ लिही ना बे, मले आवडून राह्यला.’ यावर बाकीच्या आणखी हसल्या. हसू नका. आपल्या नागपुरी ‘करून राह्यलो, जाऊन राह्यलो’ची पुण्याकडे टिंगल होते, हिंदीची सावली म्हणून आपल्याच शाळेत त्यावर लाल रेघ पडते. पण इथं तिचाच शब्द सगळ्यात नेमका आहे. ‘आवडला’ म्हणजे काम झालं. ‘आवडू लागला’ म्हणजे नुसतं दार उघडलं. ‘आवडतो’ ही कायमची गोष्ट. आवड आत्ता तयार होते आहे, अजून पुरती झालेली नाही आणि होणं थांबलेलंही नाही, हे ‘आवडून राह्यला’ एवढ्यात येतं. हल्ली ‘आवडतोय’ही ऐकू येतं, चालेल. पण त्यात ती रेंगाळ नाही. तिसऱ्या रविवारच्या पानावर मी तरी हेच लिहीन, आणि पुरतं झालं की सावकाश ‘मुरला’.

पुरवणी प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : फोक ते फोकच ठेवा. लोकसंगीत म्हटलं की आपल्याला पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली दंडार, म्हणजे तिथलं लोकनाट्य, आठवते, जात्यावरच्या ओव्या आठवतात, म्हणजे गावानं मिळून सांभाळलेलं गाणं. ‘फोक अल्बम’ म्हणताना तुम्हाला अभिप्रेत असतो तो गिटार घेऊन स्वतःचीच कविता गाणारा एकटा माणूस. त्यात ‘लोक’ कुठून आणणार? इंडियन ओशन या बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ अल्बमात ‘मा रेवा’ आहे, ते नर्मदाकाठचं लोकगीत, तिथं खुशाल लोकसंगीत लिहा. निक ड्रेकच्या पानावर नको. त्या बिचाऱ्याला तर श्रोतेसुद्धा वेळेवर मिळाले नाहीत.