पुढचं शीड एक की दोन?

प्रश्न: आमच्या ३६ फुटी स्लूपवर (एका डोलकाठीच्या शिडाच्या बोटीवर) पुढे फर्लरला (शीड गुंडाळायच्या यंत्राला) १३५ टक्क्यांची जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्याही मागे जाणारं मोठं पुढचं शीड, आहे. लांब निघायचंय. वारा वाढला की तीच गुंडाळून चालवू की आतला स्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार किंवा दोर) लावून त्यावर स्टेसेल हे छोटं शीड घेऊ?

उत्तर: आतला स्टे घ्याच, पण काढता येणारा. जेनोआ थोडी गुंडाळली तर चालून जातं, पण जास्त गुंडाळली की शिडाला पोट येतं आणि मग जोराच्या वाऱ्यात वाऱ्याच्या दिशेने वर चढायचं असतं नेमकी तेव्हाच बोट नुसती कलते, पुढे सरकत नाही. हँक्सवरचं (स्टेला अडकवायच्या कड्यांवरचं) छोटं स्टेसेल सपाट राहतं, जोर खाली आणि डोलकाठीजवळ येतो, बोट किती सावरते ते तुम्हीच बघाल. कायमचा स्टे मला नाही आवडत, दर टॅकला (बोट वाऱ्याची बाजू बदलते तेव्हा) जेनोआ दोन स्टेंमधल्या फटीतून ओढत बसा. डायनीमाचा (हलक्या पण मजबूत दोराचा) घ्या, नको तेव्हा डोलकाठीशी बांधून टाकता येतो.

डेकवरचा पॅडआय (स्टे अडकवायची कडी) मात्र नुसता बोल्ट करू नका हं, ओढ बल्कहेडवर (बोटीतल्या आडव्या भिंतीवर) किंवा टायरॉडने (धातूच्या दांड्याने) खाली हलवर, म्हणजे बोटीच्या सांगाड्यावर, गेलीच पाहिजे, नाहीतर डेक उचलला जातो. आणि स्टे मास्टहेडच्या (डोलकाठीच्या टोकाच्या) बराच खाली लागत असेल तर रनिंग बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारे, ताणता-सोडता येणारे दोर) लागतील का ते रिगरला (डोलकाठी आणि दोर बसवणाऱ्याला) आधी विचारा.