फोटोग्राफरची वेबसाइट: पहिल्या वर्षाचा भाव पाहू नका

प्रश्न: लग्न-मुंजीचे फोटो काढतो. काम इन्स्टाग्रामवरून येतं, पण हल्ली मुलीकडची मंडळी ‘वेबसाइट आहे का’ असं विचारतात. एकाने ३५ हजार सांगितले. दुसरीकडे दरमहा १४९ रुपयांत होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या जागेची, जाहिरात पाहिली. लाइटरूम-फोटोशॉपसाठी अडोबीचा फोटोग्राफी प्लॅन आधीपासून आहे. वर्षाला पाच हजारांच्या वर जायचं नाही. काय घ्यावं?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर: अडोबीचा प्लॅन आहे ना, मग निम्मं काम झालं. त्या प्लॅनमध्ये अडोबी पोर्टफोलिओ, म्हणजे वेबसाइट बनवायची सोय, येते आणि त्याचे निराळे पैसे पडत नाहीत. एका खात्यावर पाच साइट करता येतात, स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तोही जोडता येतो. हप्ते नेमाने भरूनही हे कधी उघडून न पाहिलेले फोटोग्राफर पुष्कळ असतात. तुम्हाला विकत घ्यायचं आहे ते फक्त डोमेन.

आता त्या १४९ रुपयांचा हिशेब. असा दर बहुधा ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे ७,१५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,४३९. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत नूतनीकरणाचा दर असतो. तो समजा ४४९ असेल, तर पुढचं प्रत्येक वर्ष करासकट ६,३५८ रुपयांचं. डोमेनचंही तेच. पहिलं वर्ष ९९ रुपयांत, दुसऱ्या वर्षी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे दुकान निवडताना नूतनीकरणाचा भाव एवढाच विचारा. एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटचा पत्ता ‘https’ने सुरू व्हायला लागणारी सुरक्षेची सोय, वेगळं विकत असतील तर घेऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत असतं आणि पोर्टफोलिओ ती सोय स्वतःच करतं.

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर नोंदवा. साइट करून देणाऱ्याच्या खात्यात अजिबात नको. त्याच्याशी बिनसलं की नाव सोडवून घेताना नाकी नऊ येतात. जोडताना पोर्टफोलिओच्या सेटिंगमध्ये डोमेन टाका. ते ज्या ए (A) आणि सीनेम (CNAME) नोंदी, म्हणजे पत्ता कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या ओळी, देईल, त्या डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस (DNS) पानावर भरा. आधीच्या ए नोंदी तिथे राहिल्या तर साइट कधी उघडते, कधी ‘लवकरच येत आहे’चं पान दाखवते, त्या पुसा. एमएक्स (MX) नोंदींना मात्र हात लावू नका, त्यांच्यावर ईमेल चालतो. बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. तासाभरात दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

फोटो लाइटरूममधूनच न्या. क्लासिकमध्ये एक कलेक्शन करून ते सिंक केलं की फोटो २५६० पिक्सेलच्या स्मार्ट प्रिव्ह्यूच्या रूपात वर जातात आणि वेबसाइटला तेवढं पुरतं. संख्या चाळीसच्या आत ठेवा. त्यातले पंचवीस एकाच लग्नाचे, हळदीपासून पाठवणीपर्यंत. नुसते निवडक, सुंदर फोटो सगळेच दाखवतात. पण कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली, गर्दीत, मंगलाष्टकांच्या धांदलीत तुम्ही काय करता, ते एका सलग लग्नातूनच कळतं. उरलेले पंधरा मुंज, साखरपुडा, बाकीचे.

संपर्कासाठी फॉर्मपेक्षा व्हॉट्सअॅपची लिंक बरी. तिच्यात नंबर ९१ ने सुरू करा, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावू नका. तशी लिंक उघडेलच असं नाही आणि नाही उघडली तर तुम्हाला कळतही नाही.

याच्या मर्यादा दोन. पोर्टफोलिओमध्ये दुकान नाही, प्रिंट विकता येत नाहीत. आणि अडोबीचा प्लॅन बंद केला की साइटही जाते. डोमेन तुमचं असेल तर तोच पत्ता दुसरीकडे नेता येतो, म्हणून वर एवढं बजावलं.

प्रश्न: भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे फोटो ठेवायला होस्टिंग घेऊन वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. कॅमेऱ्यातली २४ मेगापिक्सेलची जेपेग चढवताना मध्येच एरर येते. जे चढतात ते मोबाइलवर हळू उघडतात आणि गॅलरीत रंग फिके दिसतात. होस्टिंगवाले मोठा प्लॅन घ्या म्हणतात. घेऊ का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: आत्ता तरी नको. तिन्ही तक्रारींचं मूळ कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी चढवण्यात आहे.

६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. डिस्कवर ती फाइल दहा एमबीची दिसते, पण छोट्या प्रती करायला सर्व्हर ती उलगडतो तेव्हा दर पिक्सेलला तीन बाइट धरले तरी ७२ एमबी मेमरी लागते. स्वस्त प्लॅनवर पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिला) मेमरी मोजून मापून दिलेली असते. ती संपली की काम अर्धवट तुटतं आणि तुम्हाला एरर दिसते.

दुसरं म्हणजे प्रती. एवढ्या मोठ्या फोटोच्या वर्डप्रेस १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती करतं, शिवाय २५६० ची एक, आणि मूळ फाइलही ठेवतं. एका फोटोमागे आठ फाइली, पाचशे फोटोंमागे चार हजार. थीमचे, म्हणजे साइटच्या तयार साच्याचे, स्वतःचे आकार वेगळेच. ‘५० जीबी जागा’ असं लिहिलेल्या प्लॅनवर फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. जागा रिकामी असूनही फोटो चढेनासे झाले तर ती तपासा.

फिके रंग प्रोफाइलमुळे, म्हणजे फाइलीतले आकडे कोणत्या रंगपद्धतीत वाचायचे ते सांगणाऱ्या नोंदीमुळे. कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर असेल आणि प्रती करताना सर्व्हरने प्रोफाइल गाळलं (फोटो लहान करणारी जीडी ही प्रणाली गाळते), तर ब्राउझर ते आकडे वेबच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीचे समजून वाचतो. मग मूळ फोटो गुलाबी आणि गॅलरीतला रोहित आजारी.

उपाय एक्स्पोर्टमध्ये, म्हणजे एडिट केलेला फोटो नवी फाइल म्हणून काढताना, आहे. लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग दर्जा ७५ ते ८०, शार्पनिंग स्क्रीनसाठी मध्यम. ७२ की ३०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) हा वाद सोडून द्या, पडद्यावर त्याने काहीच बदलत नाही. मोकळ्या आकाशातला पक्षी तीन-चारशे केबीत बसतो. लव्हाळ्यात बसलेला त्याच सेटिंगला दुप्पट-तिप्पट होतो, कारण बारीक तपशील नीट दाबले जात नाहीत. अशा फोटोंना दर्जा ७० केला तरी चालतं. लोकेशनची माहिती काढून टाका. घरट्यांचे फोटो असतील तर नक्कीच. लाइटरूम नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी मोफत आहेत. चार-दोनच फोटो लहान करायचे असतील तर ब्राउझरात चालणारं स्क्वूश पुरतं.

जुने फोटो वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून कायमचे डिलीट करून नव्याने चढवा. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरच्या फोल्डरमधून थेट, फाइली पुसल्या तर डेटाबेसमधल्या नोंदी तशाच राहतात. पहिल्या पानावर स्लायडर असेल तर काढा. तो पाच मोठे फोटो एकदम ओढतो आणि पाहणारा पहिलाच पाहून खाली सरकतो. लेझी लोडिंगचं (पान खाली सरकेल तसतसे फोटो उघडण्याचं) प्लगिनही नको. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, ती सोय मुळातच आहे.

एवढं करूनही अडलं, तरच मोठ्या प्लॅनचा विचार करा.

प्रश्न: परदेशी थीम घेतली. इंग्रजी मथळे छान दिसतात, मराठीत मात्र अक्षरं सुटी होतात आणि शिरोरेघ तुटते. जुन्या फाइलीतला मजकूर चिकटवला तर भलतीच चिन्हं येतात.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: फोटोग्राफीच्या थीममध्ये मथळ्याची अक्षरं ऐसपैस पसरवायची फॅशन आहे. रोमन लिपीला ते शोभतं, देवनागरीची रेघ मोडते. थीमच्या टायपोग्राफी सेटिंगमध्ये लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींमधलं अंतर दीडपटीच्या वर ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. गूगल फॉन्ट्सवर दोन्ही मोफत आहेत.

जुना मजकूर बहुधा श्रीलिपीच्या वगैरे युनिकोडपूर्व फॉन्टमधला असणार (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत). तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

प्रश्न: विद्यार्थिनी आहे. वारीचे फोटो ठेवायचे आहेत, खर्च शून्य. थोडं एचटीएमएल येतं.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: एचटीएमएल येत असेल तर गिटहब पेजेस, साध्या साइट मोफत ठेवायची जागा. साइटला १ जीबीची मर्यादा, महिन्याला सुमारे १०० जीबी वाहतूक. अर्ध्या एमबीचे पाचशे फोटो पाव जीबीत बसतात. क्लाउडफ्लेअर पेजेसही चांगलं, तिथे २० हजार फाइलींपर्यंत चालतं. मोफत गिटहब खात्यावर रेपॉझिटरी, म्हणजे साइटच्या फाइलींचं फोल्डर, सार्वजनिक ठेवावी लागते, तेव्हा मूळ फाइली तिथे टाकू नका. घरच्या संगणकावर फोटो दिसतो आणि साइटवर नाही, असं झालं तर नावं तपासा. फाइलीच्या नावातलं ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत आणि पानात लिहिलेलं लहान अक्षरांत असेल, तर विंडोज चालवून घेतं, सर्व्हर घेत नाही. फोटो विकायचे ठरलं तर मात्र जागा बदला, गिटहब पेजेस व्यवसायासाठी नाही.

प्रश्न: ग्राहकाच्या लग्नाचे फोटो मी माझ्या साइटवर टाकू शकतो ना? काढले तर मीच आहेत.
— एक वाचक, हडपसर

उत्तर: गृहीत धरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ख) प्रमाणे कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक असतो, उलट करार नसेल तर. म्हणून बुकिंगच्या फॉर्मवर दोन ओळी वाढवा. एक, फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील आणि ग्राहकाला घरगुती वापराची मुभा असेल. दोन, वेबसाइट आणि समाजमाध्यमांवर फोटो दाखवायला संमती आहे किंवा नाही, दोन्हींसाठी चौकोन. सही आगाऊ रक्कम घेतानाच घ्या. मुंजीत बटूच्या आईवडिलांची. ‘नाही’च्या चौकोनात खूण आली तर त्या कलेक्शनला लाइटरूममध्ये लाल लेबल लावून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी साइटसाठी फोटो निवडताना चुकून उचललं जाणार नाही.