जर्मनीत मुलांना लहानपणापासूनच स्वावलंबी करतात आणि आपण लाडावून ठेवतो, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बदली जर्मनीला होतेय आणि बाळ लहान आहे म्हणून हे विचारताय. मी इथेच राहते, मुलगी इथलीच, तर इथलं सांगते, बाकी देशांचं मला विचारू नका.

अर्धं खरं आहे. झोपेचं घ्या, आपल्याकडे बाळ दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत, इथे बिनबाह्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घालून वेगळ्या पलंगावर, उशी नाही, पांघरूण नाही, खोलीही जरा गारच. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर ते बघून पहिलं काय विचारलं असेल, तर टोपी कुठाय! जेवणाचंही तेच, चिऊचा घास काऊचा घास करत मागे फिरणं इथे नाही, पोराच्या हातात उकडलेल्या गाजराचा तुकडा देतात, निम्मा खाली पडतो आणि आईबाप आपापलं जेवत बसतात. मला ते जमलं नाही, मी भरवलंच, आणि त्यात काही बिघडलं असं मला तरी वाटत नाही.

पण किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात घालताना सगळं उलटं. आपल्याकडे रडणारं पोर गेटवर बाईंच्या हातात द्यायचं आणि मागे न बघता सुटायचं, रुळेल दोन दिवसांत. इथे बऱ्याच ठिकाणी बर्लिन मॉडेल असतं, त्यात पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलासोबत तासभर वर्गात नुसतं बसायचं, सोडून जायचा विषयच नाही, चौथ्या दिवशी नीट टाटा करून बाहेर जायचं आणि पोर बाईंकडून शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांत परत आत, झालंच शांत तरी जास्तीत जास्त अर्धा तास. मग हळूहळू वेळ वाढवतात, दोन-तीन आठवडे सहज जातात. आता सांगा, लाडावतंय कोण? (आणि एकदा रुळलं की त्याच पोराला रबरी पँट चढवून भर पावसात चिखलात सोडतात, ते वेगळं.)

मला विचाराल तर यात संस्कृतीपेक्षा हाताशी कोण आहे हाच भाग मोठा. आपल्याकडे बाळंतपणाला माहेर असतं, मालिशवाल्या बाई असतात. इथे आजी गावाला, मग बाळंतपणानंतर सुईण घरी येते, तिचे पैसे सरकारी विमा भरतो, आणि नोकरी टिकवून आईबाप प्रत्येकी 3 वर्षांपर्यंत रजा घेऊ शकतात. म्हणून तर पाळणाघरात असं बसायला जमतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, धपाटासुद्धा नाही. 2000 सालापासून कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे.

आणि किटात नाव आत्ताच घाला. वर्षाच्या मुलाला जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे, पण मोठ्या शहरात जागा मिळता मिळत नाही. तुम्हीही नोकरी धरणार असाल तर जॉइनिंग त्या बसण्याच्या आठवड्यांनंतरचं घ्या.